पोच

शिक्का नीट उठायला हवा असेल तर तो आपटायचा नसतो. पॅडवर दोनदा हलकेच टेकवायचा, कागदावर ठेवायचा आणि मुठीवर तळवा ठेवून क्षणभर दाबून धरायचा. आपटला की कडा तेवढ्या उठतात, मधली तारीख पुसट राहते. आणि शिक्क्याचा सगळा जीव असतो तो त्या तारखेत. १९८५ साली मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या कार्यालयातल्या शिपाईमामांनी पहिल्याच दिवशी मला हे शिकवलं. सकाळी आल्याआल्या तारखेची रबरी पट्टी पुढे सरकवायची, रद्दीच्या कागदावर एकदा उठवून पाहायची, मगच खिडकी उघडायची. बोटांना लागलेली जांभळी शाई संध्याकाळी पोळ्या लाटतानाही गेलेली नसायची.

ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी बारनिशीला होते. बारनिशी म्हणजे आवक-जावक. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी आमच्या खिडकीत यायचा. पुढे ३४ वर्षांत माझी टेबलं बदलली, पण मन त्या खिडकीतच राहिलं. स्टेशनवरून जांभळी नाक्याने चालत येणारी माणसं. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत अर्ज, अर्जाखाली सातबारा, त्याखाली रेशनकार्डाची झेरॉक्स. बरेचसे अर्ज कोर्ट नाक्यावरच्या टायपिंगवाल्यांकडून करून आणलेले. शेवटी ‘आपला विश्वासू’ आणि खाली अंगठा. एक प्रत आम्ही ठेवून घ्यायची, दुसरीवर शिक्का मारून, आवक क्रमांक घालून, सही करून परत द्यायची. ती परत दिलेली प्रत म्हणजे पोच.

‘त्याला काही पोच नाही’ असंही आपण म्हणतो. म्हणजे कुठे बोलावं, कुठे थांबावं याचं भान नाही. हे दोन अर्थ एका शब्दात नांदतात याचं मला नोकरीत असताना फार वाटायचं. समोरच्याचा कागद आपल्याला मिळाला असं सरकारने लिहून दिलं, की सरकारलाही थोडी पोच आली.

लोकशाही म्हटलं की कुणाला मतदानाची रांग आठवते, कुणाला विधानसभा. मला ती जांभळ्या शिक्क्याची प्रत आठवते. त्या तारखेपासून साहेबाचं घड्याळ सुरू होतं. महाराष्ट्रात बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा २००५चा कायदा आला, तो लागू झाला २००६ साली. त्यात सांगितलंय की कोणतीही नस्ती, म्हणजे फाइल, एका टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. त्याआधी १२ ऑक्टोबर २००५ला माहितीचा अधिकार लागू झाला होता. त्यात तीस दिवस. हे सगळे दिवस मोजायचे कुठून? शिक्क्यावरच्या तारखेपासून. तारीख नसेल तर मुदत नाही, मुदत नसेल तर उशीर नाही, आणि उशीरच झालेला नसेल तर जाब कुणाला विचारणार?

हे सगळं मी आज एवढ्या ठामपणे लिहितेय, कारण मी एकदा पोच दिली नाही.

१९९७चा पावसाळा. नवी मुंबई उभी राहत होती. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४मध्ये उरणकडे जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे जीव गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांची योजना आली: जेवढी जमीन गेली तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. आगरी-कोळी गावांत आजही नुसतं ‘साडेबारा टक्के’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. आणि मग ज्या सातबाऱ्याकडे एरवी कुणी वळून पाहत नव्हतं, त्यावरच्या एकेका नावाला सोन्याचा भाव आला.

घणसोलीकडच्या एका आजींचा नवरा वारला होता. मूलबाळ नाही. पुतण्यांनी वारसनोंदीत त्यांचं नाव वगळलं होतं. फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाला, हरकत घ्यायची मुदत शुक्रवारी संपणार होती, आणि आजी शुक्रवारीच आल्या. साहेबांनी मला सकाळीच बोलावून सांगितलं होतं, अमक्या गावची एक बाई येईल, तिचा कागद दोन-तीन दिवस घेऊ नका. मी कारण विचारलं नाही.

गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, ओचा पावसाने भिजलेला. कागद मात्र कोरडा. तो त्यांनी दुधाच्या पिशवीत घालून पोटाशी धरून आणला होता. खिडकीतून हात आत घालून म्हणाल्या, “बाय, येवरा माजा कागद घे गो.” मी चेहऱ्याकडे पाहिलं, अर्जावरचं गाव पाहिलं, आणि म्हणाले, “साहेब नाहीत आजी. सोमवारी या.” साहेब आतच होते, त्यांच्या खोकल्याचा आवाज आम्हा दोघींनाही आला. आजी थोडा वेळ उभ्या राहिल्या. त्यांनी भांडण केलं नाही. कागद पुन्हा दुधाच्या पिशवीत घातला, पिशवीचं तोंड नीट दुमडलं आणि गेल्या.

सोमवारी त्या आल्या. मी कागद घेतला, शिक्का मारला, आवक क्रमांक घातला, प्रत परत दिली. शिक्का अगदी स्वच्छ उठला होता. सोमवारची तारीख.

पुढे त्या नस्तीत शेरा पडला, ‘विहित मुदतीत हरकत प्राप्त झालेली नाही.’ त्या वाक्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. कुणी लाच घेताना पकडलं गेलं नाही, कुणी खोटी सही केली नाही. माझ्या हातून त्या शुक्रवारी कायदा मोडला गेला आणि कागदावर त्याचा ओरखडाही उठला नाही. आजींना मताचा अधिकार होता, साहेबांइतकाच, माझ्याइतकाच. निवडणुकीच्या दिवशी त्यांचं एक मत आणि मंत्र्याचं एक मत यांत तसूभर फरक नव्हता. त्या शुक्रवारी दुपारी माझ्या खिडकीसमोर मात्र ते मत त्यांना काहीही मिळवून देऊ शकलं नाही. तिथे त्यांना हवा होता एक शिक्का, आणि तो मारणं माझ्या मर्जीवर नाही असं मला ठामपणे माहीत असणं.

मतामुळे राज्य कुणी करायचं ते ठरतं. कसं करायचं, कुठवर करायचं, हे कायदा ठरवतो. हा दुसरा भाग गळून पडला की दर पाच वर्षांनी मालक बदलतो एवढंच. खिडकीतली बाई ‘सोमवारी या’ असंच म्हणत राहते.

दुसरी गोष्ट २०१४ची, माझ्या धाकट्या भावाची. त्याचा फोटोफ्रेमचा गाळा आहे, जुन्या इमारतीत, दहा बाय बारा. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, आणि सगळ्यात घाईचं काम म्हणजे तेराव्याचे फोटो. एका सकाळी एका कार्यालयाची माणसं आली आणि गाळ्याला सील ठोकलं. कुलपाला कापड गुंडाळलं, सुतळीची गाठ, गाठीवर लाल लाख. भावाने विचारलं, काय झालं? उत्तर आलं, “वरून आदेश आहे.” कुणाचा? “वरून म्हणजे वरून.” नोटीस नव्हती, कागद नव्हता. आत एका गिऱ्हाइकाच्या वडिलांचा फोटो अडकला होता आणि तेरावा तीन दिवसांवर आला होता.

भाऊ माझ्याकडे आला तेव्हा थरथरत होता. आळीतला एक कार्यकर्ता सोबत होता, भला माणूस. म्हणाला, “ताई, मी भाऊसाहेबांशी बोलून घेतो, तासाभरात उघडेल.” आणि उघडलं असतं, मला खात्री आहे. मी नको म्हणाले. फोनवर उघडणारं सील उद्या फोनवरच लागणार. आणि ज्याच्या आळीत असा कार्यकर्ता नाही, त्याने काय करायचं?

मी अर्ज लिहिला. फक्त दोन वाक्यांचा. ‘दिनांक अमुक रोजी माझ्या गाळ्यास सील करण्यात आले. ज्या आदेशान्वये ही कारवाई करण्यात आली त्या आदेशाची प्रत मिळावी.’ दोन प्रती, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही असं भावाला बजावलं. शिवाय माहिती अधिकाराचा एक अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एवढंच. कुणाला शिव्या नाहीत, कुणाच्या पाया पडणं नाही.

ते दिवस वाईट गेले. तेराव्याला त्या घरी दुसऱ्याकडून घाईघाईत करून घेतलेला फोटो लागला. नवव्या दिवशी भाऊ मला म्हणाला, “ताई, तुझा कायदा माझं भाडं भरणार आहे का?” मला उत्तर देता आलं नाही. आजही मला वाटतं, त्याच्या त्या प्रश्नात तथ्य होतं. कायद्याच्या वाटेने जायला साठवलेले पैसे लागतात, दम लागतो. हातावर पोट असलेल्याने ती वाट का धरावी, हा प्रश्न कायद्याची बाजू घेणाऱ्या प्रत्येकाला झोंबायला हवा. त्या महिन्याचं भाडं मी भरलं. पण ताई नसलेले किती असतील!

सोळाव्या दिवशी दोन माणसं आली आणि सील काढून गेली. काढताना काही बोलली नाहीत. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी माहिती अधिकाराचं उत्तर टपालाने आलं: ‘सदर विषयाबाबतचा आदेश अभिलेखावर आढळून येत नाही.’ म्हणजे आदेश नव्हताच. ‘वरून’ होतं ते नुसतं तोंडी होतं, आणि कागदावर उतरव म्हटल्याबरोबर ते विरून गेलं. गाळ्यातल्या माझ्या भावाला कुणाचं नाव माहीत नव्हतं, कलम माहीत नव्हतं. ‘लेखी द्या’ एवढे दोन शब्द पुरले.

या दोन शब्दांमागे सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल उभा आहे. कोर्ट नाक्यावर चहा पिता पिता एका वकीलसाहेबांनी मला तो सांगितला, मग मी मिळवून वाचला. गोरधनदास भानजी नावाच्या गृहस्थांना अंधेरीत सिनेमागृह बांधायचं होतं. परवानगी द्यायचा अधिकार पोलीस आयुक्तांचा. जुलै १९४७मध्ये त्यांनी ती दिली. सप्टेंबरअखेरीस त्यांचंच पत्र आलं की तुम्हाला दिलेली परवानगी रद्द करण्यात येत आहे, असं कळवण्याचे मला सरकारचे निर्देश आहेत. प्रकरण न्यायालयात गेल्यावर आयुक्तांच्या प्रतिज्ञापत्राचा आधार घेऊन सांगण्याचा प्रयत्न झाला की निर्णय खरं तर आयुक्तांचाच होता. १९५१ साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तो मानला नाही. कायद्याने अधिकार आयुक्तांना दिला असेल तर विचार आयुक्तांनीच करायचा. वरून आलेला निरोप पुढे ढकलणं म्हणजे अधिकार वापरणं नव्हे. आणि आदेश वाचायचा तो त्यात लिहिलेल्या शब्दांवरून. माझ्या मनात तेव्हा काय होतं, हे नंतर येऊन सांगता येणार नाही. पुढे १९७७ साली मोहिंदरसिंग गिल यांच्या खटल्यात न्यायालयाने हीच गोष्ट पक्की केली: आदेश टिकायचा असेल तर त्यात दिलेल्या कारणांवर टिकेल, मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडता येणार नाहीत.

हे वाचताना मला मोर्तब आठवलं. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या माथ्यावर मुद्रा असे आणि शेवटी एक छोटा शिक्का, ‘मर्यादेयं विराजते’. पत्र इथे संपलं, याच्या खाली कुणी काही घालू नये. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्या मोर्तबावर मर्यादा हा शब्द कोरलेला आहे हे किती जणांच्या ध्यानात असतं? राजाचाच कागद, राजाचाच शिक्का, आणि त्यावर लिहिलंय काय, तर मर्यादा. माझ्या लाकडी मुठीच्या शिक्क्याचं कूळ मला तिथे सापडलं.

कायद्याचं राज्य म्हटलं की मराठी माणूस रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव घेतो, आणि घ्यावंच. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि रामशास्त्र्यांनी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. पण त्या गोष्टीचा उत्तरार्ध मला नेहमी अस्वस्थ करतो. सांगून झाल्यावर पुणं सोडावं लागलं ते शास्त्र्यांना, राघोबांना नव्हे. न्याय त्या एका माणसाच्या छातीत होता. तो उठून गेला तेव्हा न्यायही त्याच्याबरोबर वेशीबाहेर गेला.

याच्या शेजारी मी ठाण्यातलीच एक गोष्ट ठेवते. सणासुदीतले ध्वनिवर्धक आणि रस्त्यांतले मंडप यांविरुद्ध ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर उच्च न्यायालयात गेले होते. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक नको हे २०००च्या नियमांत आहेच. मागणी एवढीच की ते पाळा. न्यायमूर्ती अभय ओक यांच्यापुढे हे प्रकरण होतं. ओक ठाण्याचेच, १९८३ साली वडिलांच्या हाताखाली ठाणे जिल्हा न्यायालयात त्यांनी वकिली सुरू केली. त्यांनी सरकारला नियम पाळायला लावले. ऑगस्ट २०१७मध्ये राज्य सरकारने थेट न्यायमूर्तींवरच पक्षपाताचा आरोप केला आणि प्रकरण त्यांच्याकडून काढून दुसऱ्या खंडपीठाकडे गेलं. इथवर गोष्ट जुन्याच वळणाने चालली होती. पण वकील उठले, संघटना बोलल्या. काही दिवसांतच मुख्य न्यायमूर्तींनी आपला निर्णय फिरवला, तीन न्यायमूर्तींचं पीठ नेमलं आणि त्यात ओक होते. सरकारने आरोप मागे घेतला, माफी मागितली. या वेळी शास्त्र्यांना गाव सोडावं लागलं नाही. मधल्या अडीचशे वर्षांत आपण काय कमावलं, असं कुणी विचारलं तर मी हे सांगेन. तेच ओक २०२५च्या मे महिन्यात आईचे अंत्यसंस्कार करून दुसऱ्या दिवशी दिल्लीत हजर झाले आणि सर्वोच्च न्यायालयातल्या कामाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी अकरा निकाल दिले. ती बातमी वाचून मी बराच वेळ पेपर हातात धरून बसले होते.

पण न्यायालयाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा होईल. माझी मुलगी नेरूळला राहते. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२०मध्ये संपली. माझी नात त्याच महिन्यातली. नात रांगली, चालली, बोलायला लागली, मोठ्या शिशुगटात गेली, तरी तिच्या शहरात निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. ठाण्यातही मार्च २०२२पासून तेच. राज्यघटनेचं अनुच्छेद २४३ यू स्वच्छ सांगतं की पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायलाच हवी. आधी करोना आला, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचनेचा, मग ‘जैसे थे’चा आदेश, मग तारखा. प्रत्येक पुढे ढकलण्याला कागद होता, कारण होतं. घटनेतलं एक साधं वाक्य त्या कागदांच्या ढिगाखाली साडेपाच वर्षं दबून राहिलं. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, त्यालाही मुदतवाढ मिळाली, आणि १५ जानेवारी २०२६ला मतदान झालं.

त्या वर्षांत मुलीच्या कॉलनीसमोरचं गटार दोन पावसाळे तुंबलं. दाद मागायला प्रशासक होते, अधिकारी होते, ॲप होतं. नव्हता तो माणूस, ज्याला पुढच्या निवडणुकीत पुन्हा त्याच गल्लीत यायचंय. मतदान बंद पाडायला रणगाडे लागत नाहीत. मुदतीकडे काणाडोळा केला तरी पुरतं. माझ्या खिडकीत एका आजींच्या बाबतीत जे झालं, तेच दोन शहरांच्या बाबतीत झालं असं मला वाटतं. कुणीतरी सगळ्यांना मिळून ‘सोमवारी या’ म्हटलं.

२०१९ला मी निवृत्त झाले. आता आळीतली माणसं अर्ज लिहून घ्यायला येतात. कुणाची पेन्शन अडकलेली, कुणाच्या मीटरचं बिल वाढलेलं. मी दोन प्रती करायला लावते आणि शिक्क्यावरची तारीख वाचून बघायला सांगते.

मध्यंतरी माझ्याच एका कामासाठी एका कार्यालयात गेले. खिडकीत एक मुलगी होती, पंचविशीची असेल, कानात छोट्या कुड्या. मी सवयीने बोलायला तोंड उघडलं की मीही चौतीस वर्षं याच कामात काढली, जरा बघा. तेवढ्यात तिने हात पुढे करून कागद घेतला. दोन्ही प्रती जुळवून पाहिल्या. पॅडवर शिक्का दोनदा टेकवला, कागदावर ठेवला, तळव्याने दाबला. क्रमांक लिहिला, सही केली, प्रत सरकवली. एवढ्या वेळात तिने एकदाही मान वर करून माझा चेहरा पाहिला नाही.

“पुढचे,” ती म्हणाली.

मी बाजूला झाले. शाई ओली होती, म्हणून प्रत लगेच घडी न घालता तशीच हातात धरून जिना उतरले.